वाट मोडली आहे, अगत्य येण्याचे करावे

आमच्या गल्लीत फुटपाथाची एक फरशी हलते. एकच. तिच्यावर पाय पडला की पावसाळ्यात खालचं पाणी नेम धरून पँटीवर उडतं. या फरशीवर आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी जेवढं लेखन केलं आहे, तेवढ्यात एखादं खंडकाव्य उरकलं असतं. अर्ज झाला, स्मरणपत्र झालं, स्मरणपत्राची पोच का दिली नाही म्हणून वेगळं पत्र झालं, वर्तमानपत्रात वाचकांच्या रकान्यात 'ज्येष्ठांनी चालायचे तरी कसे?' हा टाहो फोडून झाला. आणि हेच सद्गृहस्थ शुक्रवारी रात्री पाठीवर चौदा किलोची सॅक चढवून आमच्याबरोबर सह्याद्रीत येतात. तिथे फरशी सोडाच, पायाखाली वाटच नसते. जिला वाट म्हणायचं ती गेल्या पावसाळ्यात कोकणात उतरलेली असते. अशा ठिकाणी घसाऱ्यावर बसकण मारून वीसेक फूट खाली गेल्यावर गृहस्थ उठतात, पँट झटकतात आणि दोन्ही हात पसरून म्हणतात, "काय वाट आहे राव! अजून अजिबात बिघडलेली नाही!"

बाकी कुठलीही वस्तू मोडली की तिचा भाव उतरतो. डोंगरातल्या वाटेचा चढतो. कळसूबाईचंच बघा. १६४६ मीटर. महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. पण मुरलेल्या ट्रेकरांच्या बैठकीत 'कळसूबाई केलं' असं म्हणून बघा. लोक 'हो का, छान' म्हणतात आणि चहा पुढे करतात. कारण तिथे लोखंडी शिड्या आहेत, आणि शिड्यांच्या अधेमधे लिंबू सरबत मिळतं. सरबत मिळालं की डोंगराची अब्रू गेली.

हरिश्चंद्रगडावर तर आलेल्या वाटेवरून माणसाची पत ठरते. पाचनईहून आलेल्याला कोणी काही विचारत नाही. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून आला तर 'बरंय'. साधले घाटानं आला तर गुहेत सरकून जागा देतात. आणि कोकणकड्याच्या बाजूनं, नळीच्या वाटेनं आलेला असेल, तर बाकीच्यांनी उठून उभं राहायचंच काय ते बाकी असतं. चौघेही पोचतात त्याच देवळापाशी, खातात तेच पिठलं, आणि रात्री चावतात त्याच पिसवा. पण नळीच्या वाटेवाल्याचं खाजवणं वेगळ्या इतमामात चालतं.

अलंग-मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या. हेतू हा की पुन्हा कोणी वर जाऊ नये. आज हंगामात त्या उडवलेल्या पायऱ्यांच्या जागी दोर लावून चढायला लोक नंबर लावून उभे असतात. पायऱ्या शाबूत असत्या तर यातले निम्मे फिरकले नसते. एवढं मोठं साम्राज्य चालवणाऱ्यांचा अंदाज इतका साफ क्वचितच चुकला असेल.

मुळात या घाटवाटा हौसेसाठी नव्हत्या. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, घाटावरून धान्य आणि गूळ खाली यायचा, आणि दोन्ही बाजूंनी सुना यायच्या-जायच्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्यात चांगली वर्दळ होती. नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख तिथल्या लेण्यात आहे, आणि माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. म्हणजे तेव्हाचा वाटसरू पैसे मोजून कुरकुरत जात असणार. आजचा पैसे मोजून जातो आणि वर ग्रुपवर आभार मानतो.

वाट टिकते ती कुदळीनं नाही, पायांनी. पाय फिरले की वाट राहिली, पाय थांबले की दोन-तीन पावसाळ्यांत तिचा निकाल लागतो. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटात रेल्वे चढली, आणि १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. एसटीनं सह्याद्रीच्या एकाही दगडाला हात लावला नाही, पण पुढे ती गावोगावी पोचली तसे तिनं पाय तेवढे उचलून गाडीत घातले. उरलेलं काम पावसानं केलं.

पावसाला सह्याद्रीत काम करणं सोपं जातं, कारण हा डोंगर बांधतानाच ढिला ठेवलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले; एक थर टणक, त्याच्याखालचा भुसभुशीत. घाटमाथ्यावर काही ठिकाणी एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो भुसभुशीत थर पोखरतो. वरचा टणक थर काही वर्षं अधांतरी लोंबकळतो, आणि मग एका रात्री मोठा आवाज करून खाली येतो. येऊन जिथे थांबतो, तिथूनच नेमकी आपली वाट गेलेली असते. कड्यातली एखादी भेग पाण्यानं कोरून कोरून रुंद केली की तिला नाळ म्हणतात. पावसाळ्यात तिथून पाणी उतरतं, हिवाळ्यात आपण. फरक एवढाच, की पाण्याला कुठे जायचं ते ठाऊक असतं.

यंदा आमचं बोराट्याच्या नाळेनं उतरून सिंगापूरच्या नाळेनं चढायचं ठरलं. सिंगापूर म्हणजे वेल्ह्याच्या पुढे, मोहरीच्या शेजारचं, सह्याद्रीच्या अगदी काठावरचं गाव. खाली कोकणात त्याला जोडलेलं दापोली आहे. पण ती हापूसवाली, समुद्राजवळची दापोली नव्हे, महाड तालुक्यातली. या दोन नावांनी घोटाळा व्हायचा तो झालाच. आमच्यातल्या एकानं बँकेत रजेच्या अर्जावर 'सिंगापूर' असं कारण लिहिलं, तर साहेबांनी पासपोर्टची झेरॉक्स मागितली. दापोलीहून सिंगापूरला पायी निघालो आहोत हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितल्यावर साहेबांनी रजा दोन दिवस वाढवून दिली आणि घरी कोणी मोठं माणूस आहे का, असं विचारलं.

ट्रेकच्या आधीचा आठवडा ग्रुपवर 'कमीत कमी सामान' या विषयावर चर्चा चालते. वजनाबद्दल लोक फार काटेकोर असतात. एका मित्रानं टूथब्रशचा दांडा करवतीनं कापून अर्धा केला आहे, तेवढंच ओझं कमी. त्याच सॅकेत किलोभर चिवडा आणि श्रीखंडाचा डबा असतो. शिवाय 'सामायिक सामान' म्हणून एक प्रकार असतो: कांदे, बटाटे, तेल, दोर आणि मोठं पातेलं. त्याचं वाटप शुक्रवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं. अशा वेळी पाणी भरून आणायला म्हणून जो वर गेलेला असतो, तो परत येईपर्यंत पातेलं त्याच्या सॅकेत गेलेलं असतं. ते त्याला दुसऱ्या दिवशी पहिल्या अवघड जागी कळतं, कारण पातेलं कड्यावर आपटून वाजतं. पाणी माणशी चार लिटर. पाण्याचं एक आहे, ते लिटरला किलोच भरतं, तिथे घासाघीस चालत नाही.

ही सॅक पाठीवर असताना माणूस चालू शकतो, उभा राहू शकतो. फक्त बसू नये. एकदा बसला की त्याचं उताणं पडलेल्या झुरळासारखं होतं. हातपाय हलतात, उठणं दुसऱ्याच्या हाती. माझी ही तयारी बघून घरातून दरवर्षी एकच शेरा येतो. "पंख्यावरची धूळ पुसायला स्टुलावर चढा म्हटलं की गुडघा धरतो. डोंगर दिसला की गुडघा सोडतो वाटतं?" यावर आजवर मला उत्तर सुचलेलं नाही. गुडघ्यालाही नाही.

मोहरीत रात्र काढून पहाटे रायलिंगच्या पठारावर गेलो. पठाराच्या टोकाला उभं राहिलं की समोर लिंगाणा, एकसंध सुळका, आणि त्याच्या मागे रायगड पसरलेला. लिंगाण्यावर पूर्वी कैदी ठेवत. पहारा ठेवायची फारशी गरज पडत नसावी. १६७४ च्या राज्याभिषेकाआधी राजधानी राजगडाहून रायगडाला हलली ती याच डोंगरपट्ट्यातून. अख्ख्या राजधानीचं बिऱ्हाड! कुणाच्या तरी पाठीवर दप्तरं असतील, कुणाच्या पाठीवर हंडे असतील, आणि तिथेही पाणी भरायला गेलेल्या कुणाच्या तरी वाट्याला पातेलं आलंच असणार. पठाराच्या टोकावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. सहाव्या मिनिटाला एकानं विचारलं, "इथे रेंज येते का रे?"

मग नाळ सुरू झाली. बोराट्याच्या नाळेत दोन प्रकारचे दगड आहेत. खोलीएवढे, आणि मुठीएवढे. खोलीएवढ्यांवरून उतरायचं असतं, आणि मुठीएवढे मागच्या माणसाच्या पायाखालून सुटून आपल्याकडे येत असतात. दगड सुटला की 'दगड!' असं ओरडायचा नियम आहे. नियम उत्तम आहे. अडचण ही की ओरडणारा वर असतो आणि ऐकणारा खाली, त्यामुळे ऐकणारा वर बघतो. वर बघू नये, भिंतीला चिकटावं, हे लीडरनं तीनदा सांगितलेलं असतं. पण आपलं नाव घेऊन कोणी हाक मारली तर वळून न बघण्याइतका उद्धटपणा आपल्याकडे शिकवलेला नाही, आणि नाळेत 'दगड' ही हाक प्रत्येकाला स्वतःचीच वाटते.

आमचे लीडर कधी खोटं बोलत नाहीत. ते फक्त जपून बोलतात. "इथे एकच स्टेप जरा उंच आहे," असं ते म्हणाले की समजावं, सॅक आधी दोराला बांधून खाली सोडायची आणि मागून देवाचं नाव घेत आपण. "थोडं एक्सपोजर आहे" म्हणाले की डाव्या बाजूला डोंगर संपलेला असतो. नाळ अर्ध्यात सोडून लिंगाण्याच्या खिंडीकडे जी आडवी वाट जाते, ती कड्याला लगटून आहे. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला थेट कोकण. तिथे ते म्हणाले, "खाली बघू नका, व्ह्यू परतताना बघू." परतताना आम्ही त्या वाटेनं येणारच नव्हतो. हे सगळ्यांच्या लक्षात खिंडीत पोचल्यावर आलं.

दिशा दाखवायला आमच्याकडे दोन पक्ष आहेत, नकाशावाले आणि मोबाइलवाले. नकाशावाल्यांचा विश्वास सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर. नकाशा सुंदरच असतो, पण त्यात उंचीच्या दोन रेषांमध्ये वीस मीटरचं अंतर धरलेलं असतं. वीस मीटर म्हणजे पासष्ट फूट. म्हणजे पन्नास फुटांचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मधे खुशाल लपून बसू शकतो, आणि नकाशा खोटा ठरत नाही. आम्ही असे लपलेले कडे बरेच शोधून काढले आहेत. मोबाइलवाल्यांची गोष्ट वेगळी. नाळेच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती, डोक्यावर आकाशाची चिंधी. त्या चिंधीत जेवढे उपग्रह सापडतील तेवढ्यांवर काम चालवायचं. बाकीचे सिग्नल कड्यावर आपटून मग खिशात येतात. आमचे आयटीवाले मित्र मोबाइल आकाशाकडे धरून म्हणाले, "आपण ट्रॅक सोडलाय. ट्रॅक उजवीकडे चाळीस मीटरवर आहे."

उजवीकडे चाळीस मीटरवर डोंगराचा आतला भाग होता.

"पण ज्यानं ट्रॅक टाकलाय तो तिथूनच गेलाय," ते हट्टानं म्हणाले.

"मग गेलाच असेल बिचारा," फरशीवाले सद्गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढली.

खिंडीतून खाली उतरलं की जंगल लागतं आणि तिथे भलतीच पंचाईत होते. नाळेत वाट नसते, जंगलात दहा असतात. यातल्या नऊ ढोरवाटा. म्हशीला दापोलीला जायचं नसतं. ती गवत बघत जाते, सावली बघत वळते, आणि जिथे तिचं मन भरेल तिथे वाट संपवते. अशा एका अप्रतिम मळलेल्या, रुंद, सुखाच्या वाटेनं आम्ही अर्धा तास गेलो आणि एका डबक्यापाशी पोचलो. डबक्यात मालकीण बसली होती. तिनं आमच्याकडे बघितलं. आम्ही परत फिरलो. माणसाची वाट ओळखायची खूण जाणकार अशी सांगतात: छातीच्या उंचीवरच्या फांद्या मोडलेल्या असतील तर माणूस गेला, आणि कमरेखाली बोगदा झाला असेल तर रानडुक्कर. पण वाकून चालणारी, पाठीवर सॅक असलेली आमची मंडळी त्या बोगद्यात इतकी बेमालूम बसतात की पुढच्या वेळी येणाऱ्यांना रानडुकरांचा कळप गेला असंच वाटणार.

बाकी वाटेवर बाण असतात. ऑइलपेंटचे. काही ठिकाणी एकमेकांकडे तोंड केलेले दोन बाणही असतात. दोन संस्थांमधला जुना वाद असावा. दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात, त्यातली एखादी पोरांनी नुसती हौसेनं रचलेली निघते. खात्रीची खूण एकच, आणि ती सांगायला जरा जड जातं. आमचा ग्रुप निसर्गप्रेमी. प्रत्येकाच्या सॅकेला कचऱ्याची वेगळी पिशवी लटकलेली. प्लॅस्टिकवर आम्ही शाळाशाळांतून व्याख्यानं देतो. आणि रानात तासभर भरकटल्यावर पालापाचोळ्यात गुटख्याची एक चकचकीत पुडी दिसली, तेव्हा पुढचा गडी मोठ्यांदा ओरडला, "सापडली! वाट बरोबर आहे!" सगळ्यांचे चेहरे उजळले. पंधरा पावलांवर बिस्किटाचं वेष्टन. मग चुन्याची डबी. माणूस इथून गेला होता, खात-थुंकत गेला होता, आणि जिवंत गेला होता! पुडी उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकायला एक जण वाकला, तर लीडर म्हणाले, "थांब. मागचे दोघं यायचेत अजून." मागचे दोघं आले, त्यांनी पुडी बघितली, मगच ती पिशवीत गेली.

या रानावर राज्य कारवीचं. माणसापेक्षा उंच, दाट, आणि चिकट. पूर्वी कुडाच्या भिंतींसाठी लोक कारवी तोडून न्यायचे, त्यामुळे वाटा मोकळ्या राहायच्या. आता घरं विटांची झाली आणि कारवी वाटेवर येऊन उभी राहिली. पण तिचा मोठा आधार असतो. उतारावर दोन्ही हातांनी कारवी धरत उतरायचं, कठडाच तो. अडचण एवढीच की कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की मरते. अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो, हजारो लोक फोटो काढून जातात, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो सगळा कठडा वाळून तसाच उभा असतो. दिसायला कारवी तीच. धरली की हातात येते. आमच्या आयटीवाल्यांच्या दोन्ही हातांत एकेक आली. ते मोळी घेऊनच खाली पोचले, आणि पाण्यावर भेटलेल्या बाईंनी, "लाकडं न्यायला एवढ्या लांबनं आलासा?" असं फार मायेनं विचारलं.

दापोलीत पोचेस्तोवर दिवेलागण झाली. देवळाच्या ओट्यावर पथारी टाकली. तिथे मामा भेटले. साठीच्या पुढचे असावेत. कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी, तिच्यात कोयता अडकवलेला, आणि पायात रबरी चपला, त्यातल्या एकीचा अंगठा तारेनं शिवलेला. ती तार मी बराच वेळ बघत होतो. इतकी नीट घातलेली होती की माझ्या पाच हजारांच्या बुटांची मलाच लाज वाटली. बुटांचा तळ सकाळीच सुटू लागला होता आणि तो मी पातेल्याच्या सुतळीनं बांधला होता.

"उद्या सिंगापूरच्या नाळेनं वर जायचंय, मामा," लीडर म्हणाले.

"कशापायी?"

"असंच. बघायला."

"काय?"

यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. "वाट," कोणीतरी म्हणालं.

"ती तर मोडली."

"म्हणूनच."

मामांनी तंबाखू मळली, झटकली, ओठाखाली धरली. विचार करून म्हणाले, "येतो. पर मोडक्या वाटंचं पैसं जास्ती पडतील."

"जास्त? वाट तर खराब झालीय म्हणताय."

"चांगली असती तर तुमी मला कशाला नेलं असतं?"

अर्थशास्त्र इतकं स्वच्छ मांडलेलं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. सौदा तिथेच ठरला.

सकाळी मामा पुढे, आम्ही मागे. मामा चढत नव्हते, नुसते चालत होते. जमीन वर जात होती म्हणून तेही वर जात होते. बोलणंही चालूच. तरुणपणी डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन ते याच नाळेनं वर जायचे, सकाळी निघून बाजार करून संध्याकाळी घरी. लेक वर सिंगापुरातच दिली आहे. आम्हाला हे सगळं तुकड्या-तुकड्यांत कळलं, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मामा वीस पावलं पुढे असत.

नाळेत एका ठिकाणी वाटेचा घासच गेला होता. दोन-अडीच मीटर काही नाही. मुरूम, आणि त्याच्याखाली पुन्हा काही नाही. दोर निघाला. कॅराबिनर खुळखुळले. दोर कुठे बांधायचा यावर नकाशावाले आणि मोबाइलवाले यांच्यात रीतसर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात मामांनी बाजूचे दोन चपटे दगड उचलले, मुरमात टाचेनं खड्डे केले, दगड बसवले, वर उभं राहून दोनदा दाबले. पायरी तयार.

आमच्यात एकदम खळबळ. "अहो मामा, नको, नको!" आयटीवाले म्हणाले. "आहे तशीच राहू द्या. नॅचरल आहे ती."

फरशीवाले सद्गृहस्थही हळहळले. "चांगली होती हो वाट. आता कोणीही येईल."

मामांना काही समजेना. "अवं, माझ्यासाठी न्हाय. तुमच्यासाठी ठिवल्यात."

आम्ही नाइलाजानं एकेक करून त्या पायरीवर पाय दिला आणि पलीकडे गेलो. सगळ्यांत सावकाश सद्गृहस्थ गेले. दोन्ही पाय देऊन, वर जरा हलून बघून. फरशी हलली नाही. त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी येऊन गेलं, पण ते बोलले नाहीत. संध्याकाळी ग्रुपवर जे निवेदन पडलं त्यात 'वाटेचा सुमारे वीस फुटांचा कोसळलेला भाग दोराविना पार केला' अशी नोंद आहे. मामांचा उल्लेख 'स्थानिक सहकारी' असा आहे. पायरीचा नाही.

वरच्या टप्प्यात मामांच्या डोक्यावर दोन सॅक होत्या. पहिली त्यांनी स्वतः मागून घेतली, दुसरी आम्ही ठेवताना त्यांच्या लक्षात आली नाही, किंवा आली असेल. पातेलं मात्र त्यांनी घेतलं नाही. "वाजतंय," म्हणाले.

भर दुपारी सिंगापूर आलं. इमिग्रेशन नव्हतं, एक कुत्रं होतं, ते भुंकून बाजूला झालं. मामांच्या लेकीनं अंगणात सारवलेल्या जागेवर बसवलं, भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. एवढ्या वाटेनं आलात, बरं वाटतंय ना, म्हणून तिनं विचारलं. तिच्या घरासमोर मोटारसायकल उभी होती. पलीकडे मोहरीला आमच्या गाड्या होत्या, लेकीच्या पोरानं जाऊन एक इथवर आणली. हिशेब झाला, मोडक्या वाटेचे जास्तीचे पैसे दिले, फोटो झाले. मामा आता उतरायला लागतील म्हणून आम्ही नमस्काराला वाकलो, तर मामा गाडीचं पुढचं दार उघडत होते.

"मला नसरापूरला सोडा," आत बसत ते म्हणाले. "तितनं भोरची येष्टी, भोरास्नं वरंध्याच्या घाटानं महाडची. रातच्याला पोचतो घरी."

"मामा, एवढं लांबून?" लीडरना राहवेना. "नाळेनं दीड तासात घरी असाल की!"

मामांनी आकडी सोडून मांडीवर घेतली, सीट मागे करून बघितली, खिडकीची काच खाली केली.

"त्या मोडक्या वाटंनं?" ते म्हणाले. "आन् मला कोण पैसं देनार हाय?"